एकशे नऊ चेहरे

९ जानेवारी

बारकू,

पन्नाशी उलटलेल्या माणसाला बारकू म्हणावं का, यावर चार दिवस विचार केला. पण तुला दुसऱ्या नावाने हाक मारायची माझ्या जिभेला सवय नाही, आणि अकरा वर्षांनी पहिलं पत्र लिहिताना 'महोदय' म्हणायला मी काही कारकून नाही. तेव्हा बारकूच.

घाबरू नकोस, वाईट बातमी नाही. बेटाच्या समितीने लिही म्हटलं म्हणून लिहितेय. समिती म्हणजे सारंगकाका. तेच, लाँच चालवायचे ते. गुडघे गेले म्हणून आता अध्यक्ष झालेत. लाँच दिवसातून दोनदा येते, ती आठवड्यातून दोनदाच सोडायची असं वरच्या ऑफिसात घाटतंय. सारंगकाका भांडायला गेले, तर तिथला साहेब म्हणाला, "तुमच्या बेटावर यायचंय कुणाला?" बेटावर आता एकशे चाळीस माणसं आहेत. शाळा मागच्या वर्षी बंद झाली. लाँच गेली की दवाखान्यातली डॉक्टरीणबाई जाईल, ती गेली की म्हातारी माणसं जातील, आणि इथे म्हाताऱ्यांशिवाय आहे कोण?

तेव्हा सारंगकाकांनी डोकं लढवलं. तुमच्या मोठ्या संग्रहालयाने आपल्या चित्रघरावर 'जतन करण्याजोगा वारसा' असा शिक्का मारला, तर बघायला माणसं येतील, आणि माणसं येणार म्हटल्यावर लाँच तोडता येणार नाही. अर्ज मीच लिहिला. त्यातला मजकूर खाली उतरवतेय, चुकलं असेल तर सांग:

"बोटी बांधायचा कारखाना चालू असताना रंगखात्याचे मुकादम उरलेल्या फळ्यांवर उरलेल्या रंगाने कामगारांचे आणि त्यांच्या घरच्यांचे चेहरे काढू लागले. त्यांचं बघून बाकीचे रंगारी शिकले. साठ वर्षांत बेटावरच्या जवळजवळ प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी फळीवर उतरलं. कारखाना बंद पडल्यावर मुकादमांचे चिरंजीव, शाळेतले चित्रकलेचे मास्तर, यांनी घरोघर फिरून ही चित्रं गोळा केली, त्यांना नंबर घातले आणि धक्क्याजवळच्या जुन्या वखारीत टांगली. एकूण चित्रं एकशे अठरा. मास्तरांच्या पश्चात त्यांची मुलगी चित्रघर सांभाळते. चित्रं उत्तम स्थितीत आहेत."

'मुकादमांचे चिरंजीव' वाचून बाबा हसले असते. शेवटचं वाक्य सारंगकाकांनी घालायला लावलं.

तपासणीस बाई मार्चमध्ये येणार आहेत. तू त्यांच्याच हापिसात जुनी चित्रं दुरुस्त करतोस. त्यांच्या कानावर चार शब्द घालता आले तर बघ. माझ्यासाठी नाही, बेटासाठी.

जाता जाता एक विचारते. त्या बाई कसलासा जांभळा दिवा घेऊन येतात म्हणे. त्यात काय दिसतं? सहज विचारतेय.

अक्का


२६ जानेवारी

बारकू,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं, खाली सही. सही आधीपेक्षा लहान झालीय.

दिव्याचं कळलं. जुनं वार्निश हिरवट चमकतं आणि त्यावर नंतर लावलेला रंग काळा पडतो. म्हणजे खोलीत अंधार केला की कुणी कुठे हात लावलाय ते डागासारखं उठून दिसतं. इतकं नीट समजावून सांगितलंस, बाबांसारखं. आणि मग शेवटी ती एक ओळ. 'त्यानंतर तू आणखी कुठल्या चित्राला हात लावला नाहीस ना?'

दोन-तीन ठिकाणी पोपडे निघाले होते, तेवढे बसवले. बाकी मी फक्त धूळ झाडते.

'त्यानंतर' म्हणजे कशानंतर, ते तू लिहिलं नाहीस. मग मीच लिहिते, नाहीतर दोघंही असेच वळसे घालत राहू.

बाबांचं सगळं आटोपून तू वखारीत गेलास. आईचं चित्र बघायला. तू चार वर्षांचा होतास आई गेली तेव्हा, मी अकराची. तुला आई ठाऊक आहे ती आजोबांनी काढलेली, नंबर बारा, निळी ओढणी आणि मागे कारखान्याची भिंत. लहानपणी शाळा सुटली की तू आधी तिथे जायचास आणि मग घरी यायचास. त्या दिवशी तू तिथून परत आलास तेव्हा मी भांडी घासत होते. तू दारातच उभा राहिलास आणि म्हणालास, "अक्का, ती आई नाही. ती तू आहेस."

मी म्हटलं, डावा डोळा आणि गाल ओलीने गेला होता, तेवढाच भरला.

"कुणाला विचारून?"

"विचारायला इथे होतं कोण? तू?"

मग तू बोललास, मीही बोलले. आपण दोघंही तेव्हा बाबांच्या जाण्याने हललेले होतो, असं आता म्हणता येईल. तू म्हणालास, वचन दे, पुन्हा ब्रश उचलायचा नाही. मी दिलं. तू संध्याकाळच्या लाँचने गेलास. मी धक्क्यावर आले नाही, ती माझी चूक.

वचन मी पाळलंय. दोन-तीन पोपडे म्हणजे काही मोठी गोष्ट नाही, हे तूही मान्य करशील.

अक्का


१५ फेब्रुवारी

बारकू,

तू तपासणीस बाईंकडे शब्द टाकलास, असं सारंगकाकांना पत्र आलंय. 'चित्रघराच्या रखवालदार माझ्या भगिनी असून त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही,' असं तू म्हणालास म्हणे. सारंगकाकांनी ते पत्र धक्क्यावर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. मी तिथेच उभी होते. जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

दोन-तीन नाही रे.

तू गेलास त्यानंतर दोन वर्षांनी मोठं वादळ झालं. वखारीची अर्धी कौलं उडाली. ऑफिसला कळवलं, त्यांचा माणूस आला, मोजमाप घेऊन गेला आणि पुन्हा दिसला नाही. प्लास्टिक बांधून चार महिने काढले. उन्हाळ्यात फळ्या सुकल्या तसे रंगाचे पोपडे सुटायला लागले. सकाळी कुलूप उघडलं की जमिनीवर कुणाचं कपाळ, कुणाचा ओठ. मी ते पुठ्ठ्याच्या डब्यांत नंबर घालून ठेवायचे. पण पुन्हा चिकटवायचे कसे? तुला विचारता आलं असतं. चार वेळा पत्र लिहायला बसले, चारही वेळा फाडलं. आपलंच खरं करणाऱ्या बाईने पहिल्याच वादळात भावाकडे हात पसरायचे, ते मला जमलं नाही. सगळी चित्रं त्या एका हट्टापायी गेली. हे एकदा स्वच्छ लिहून टाकते.

वचन मोडलं ते शिंपीणकाकूंसाठी. त्यांचे यजमान, नंबर एकतीस. कारखान्यात शिडं शिवायचे, एकोणतिसाव्या वर्षी गेले. दुसरं चित्र नाही, फोटो नाही, काही नाही. काकू दर गुरुवारी येऊन त्या फळीसमोर स्टुलावर तासभर बसायच्या. विणकाम आणायच्या, कधी कधी त्याच्याशी बोलायच्यासुद्धा, भाजी महाग झाली वगैरे. वादळानंतर आल्या तेव्हा त्याचं तोंड अर्धं गेलं होतं. काकू बराच वेळ बघत राहिल्या आणि मग मला म्हणाल्या, "तू मास्तरांची मुलगी ना? कर की काहीतरी."

मी केलं. भेगांत पुट्टी भरली, कारखान्याच्या कोठारात जुने डबे होते त्यातला रंग अळशीच्या तेलात कालवला. पुढच्या गुरुवारी काकू आल्या, बसल्या, आणि रडल्या. म्हणाल्या, "आला गं परत."

मग काय, एकीचं ऐकून दुसरी आली. कुणाचे वडील, कुणाची बहीण. तू म्हणशील, नाही म्हणायचं. तू म्हण बरं, समोर ऐंशी वर्षांची बाई उभी असताना.

किती ते विचारशील. काल बसून मोजली. एकशे अठरापैकी एकशे नऊ.

उरलेल्या नऊ चित्रांतल्या माणसांचं बेटावर कुणी उरलेलं नाही. त्यांना बघायला कुणी येत नव्हतं, म्हणून मी त्यांना हात लावला नाही.

हे समितीला माहीत आहे का? ज्यांनी करवून घेतलं त्यांना ज्याचं त्याचं माहीत आहे. प्रत्येकाला वाटतं, फक्त आपलंच.

बाई यायला तीन आठवडे आहेत. तू आधी येऊ शकशील का? वरचा रंग काढता येतो ना? खालचं खाली शाबूत असेल. तू ये. भांडायला ये हवं तर.

अक्का


७ मार्च

बारकू,

तू आला नाहीस. तुझी ओळ मिळाली, 'अहवाल होण्याआधी मी तिथे येणं नियमात बसत नाही.' बरोबर आहे तुझं.

काल बाई येऊन गेल्या. पस्तिशीच्या असतील. बोलायला गोड, हातात पांढरे मोजे. सारंगकाकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. अर्धं बेट वखारीत जमलं होतं, कुणी हाकललं तरी जाईना. बाई आधी नुसत्याच फिरल्या. दर दोन पावलांवर "वा," म्हणत होत्या. सारंगकाका माझ्याकडे बघून भुवया उडवत होते.

मग त्या म्हणाल्या, "खिडक्या लावून घ्याल का?"

भर दुपारी वखारीत अंधार झाला. बाईंनी दिवा लावला. तू सांगितलं होतंस तसंच झालं, तरी मला ते असं दिसेल असं वाटलं नव्हतं. चेहऱ्यांच्या कडा हिरवट उजळल्या आणि मधोमध काळं. डोळे काळे, तोंडं काळी. एकामागून एक. भिंतभर माणसं, आणि कुणालाच चेहरा नाही. मागे कुणाचं तरी नातवंड रडायला लागलं, त्याला बाहेर नेलं.

बाईंनी आठ-दहा चित्रं बघून दिवा बंद केला. "हे कुणी केलंय?"

सारंगकाका म्हणाले, "केलंय म्हणजे? आमच्या रंगाऱ्यांनी काढलीत ही."

"नाही, त्यानंतर. हा रंग गेल्या दहा वर्षांतला आहे."

मी म्हटलं, "मी केलंय."

"किती चित्रांवर?"

"नऊ सोडून सगळ्या."

सारंगकाकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि पुन्हा लावलं.

बाई रागावल्या नाहीत, तेच वाईट. त्यांनी ती नऊ चित्रं बघायला मागितली. कोपऱ्यात होती, एकावर एक टेकवून ठेवलेली. एकाचं अर्धं डोकं गेलेलं, एकीच्या गालाचं लाकूड उघडं. बाई त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, "बघा ना, काय हात आहे!" आणि बारकू, मी तिथे उभी राहून पहिल्यांदा पाहिलं, की होता. आजोबांनी दोन फटकाऱ्यांत नाक उभं केलं होतं. मी त्याच नाकाला दोन दोन दिवस घालवायचे.

माणसं एकेक करून बाहेर पडली. काकू तेवढ्या स्टुलावर बसून होत्या. मी त्यांच्याजवळ गेले.

"म्हणजे हा तो नाही?" त्यांनी विचारलं.

"काकू, तुम्हीच म्हणाला होतात ना, कर काहीतरी."

"मी म्हटलं होतं, दुरुस्त कर." मग म्हणाल्या, "नऊ वर्षं मी कुणासमोर बसत होते गं?"



अक्का


२ एप्रिल

बारकू,

अहवाल आला. नऊ चित्रं अस्सल आणि मोलाची, ती तुमच्या संग्रहालयात नेणार. बाकीच्या एकशे नऊंना 'स्थानिक हौशी काम, अलीकडचं' असं म्हटलंय. शिक्का नाही. लाँच पुढच्या महिन्यापासून मंगळवार आणि शनिवार.

खाली एक फट ठेवलीय. नऊ चित्रं बांधायला जो माणूस येईल, तो तीन चित्रांवर थोडा थोडा वरचा रंग काढून बघेल. खाली मूळ चित्र शाबूत निघालं तर फेरविचार. आणि येणारा माणूस तू.

कुणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. दुकानात गेले की गप्पा थांबतात, माझं सामान लवकर बांधून मिळतं. सारंगकाका एकदा दारावरून गेले, थांबले, म्हणाले, "तुला माहीत होतं, तरी अर्ज लिहिलास." मी म्हटलं, "तुम्ही सांगितलंत म्हणून." ते म्हणाले, "मला माहीत नव्हतं ना पण." आणि गेले. यात त्यांचं काय चुकलं?

तुझी खोली आवरून ठेवलीय. गादीला ऊन दाखवलं. खिडकीची काच तडकली होती, ती बदलून घेतली. इथे मुक्काम करायचा नसेल तर डॉक्टरीणबाईंकडे वर एक खोली आहे, तेही सांगून ठेवलंय. मी काही वाईट वाटून घेणार नाही.

अक्का


१९ एप्रिल

बारकू,

तू इथे दोन दिवस होतास आणि मी तुला पत्र लिहितेय. पण काय करू? तू तुझ्या दोन माणसांसमोर मला 'तुम्ही' म्हणालास. "बाई, तो पडदा जरा ओढता का तुम्ही?" मी ओढला. डॉक्टरीणबाईंकडे राहिलास, ठीक. दुपारी माझ्या हातचा चहा घेतलास, पेला विसळून उपडा ठेवलास. केस सगळे पांढरे झालेत तुझे. चष्मा लावून वाकलास की हुबेहूब बाबा.

तू एकतीस नंबरपासून सुरुवात केलीस. काकूंना कुणीतरी सांगितलं असणार, त्या येऊन बसल्या होत्या. कापसाचा बोळा काडीला गुंडाळून तू हनुवटीपाशी नखाएवढी जागा हळूहळू पुसत होतास. बोळ्यावर माझा रंग येत होता. सारंगकाका मागे उभे. पाऊण तास. मग तू भिंग लावून बघितलंस आणि म्हणालास, "खाली काही नाही."

काकू म्हणाल्या, "काही नाही म्हणजे?"

"लाकूड आहे, काकू."

दुसऱ्या चित्राखालीही लाकूड. तिसऱ्याखालीही. सारंगकाका बाहेर जाऊन पायरीवर बसले. मी मनात म्हटलं, म्हणजे मी कुणाचा चेहरा झाकला नव्हता, तो आधीच गेलेला होता. मग वाटलं, याने काय फरक पडतो, आणि कुणाला.

निघायच्या आधी तू बारा नंबरसमोर उभा राहिलास. मला वाटलं होतं तू तिथे जाणारच नाहीस. मी म्हटलं, "हिचंही बघ एकदा." तू मान हलवलीस. "हिला नको. ही राहू दे अशीच. खाली असेल ती असेल." आणि तेव्हा, त्या दोन दिवसांत एकदाच, तू मला अक्का म्हणालास. "अक्का, हिच्यावर निदान कौल गळू देऊ नकोस."

तुला वाटलं, तिथे तरी खाली आई असेल. तू तेवढं घेऊन गेलास. मी गप्प राहिले असते तर ते तुझ्यापाशी राहिलं असतं. चार दिवस मी गप्प राहिलेही. पण आता मला जमत नाही.

ओलीने गेलं होतं, ते खोटं. वादळ नंतरचं, तू गेल्यावरचं. आईच्या चित्राला तेव्हा काहीही झालेलं नव्हतं. नुसतं वार्निश काळवंडलं होतं. बाबांचे शेवटचे दिवस होते, त्यांना ती बघायची होती. मी वखारीतून चित्र घरी आणलं, पलंगासमोर ठेवलं. बाबा म्हणाले, "अंधारात उभी आहे गं." म्हणून ते झोपल्यावर मी स्पिरिट घेऊन पुसायला बसले. निळी ओढणी छान उजळली. मला उत्साह आला. मी जरा दाबून पुसलं. फडकं उचललं तर त्यावर डोळा होता.

मी तिला फडक्यावर पुसून घेतलं, बारकू. डोळा, गाल, ओठाचा कोपरा. बाबा उठायला दोन तास होते. त्यांचीच रंगपेटी काढली. आई मला आठवत होती, मी अकराची होते, मला वाटलं येईल हाताला. नाही आली. शेवटी आरसा घेतला आणि माझाच डोळा काढला.

बाबा उठले. बराच वेळ बघत राहिले. मास्तर होते ते, त्यांना काय कळणार नाही? म्हणाले, "डोळा चांगला जमलाय तुला." मग म्हणाले, "बारकूला सांगू नकोस. त्याच्याकडे तिचं दुसरं काही नाही."

म्हणून नाही सांगितलं. आणि आज सांगितलं. यातलं बरोबर कुठलं ते मला कळत नाही. खाली लाकूड आहे.

अक्का


१० जून

बारकू,

तुझं उत्तर आलं नाही. नाही येणार, हे आता समजतं मला.

लाँच मंगळवारी आणि शनिवारीच येते. डॉक्टरीणबाई महिना काढून गेल्या. समितीने ठरवलं, ज्याचं त्याने आपापलं चित्र घरी न्यावं, वखारीला कुलूप लावायचं. एकशे नऊपैकी चार नेली. एका घरातून निरोप आला, 'तुमचं आहे, तुम्हीच ठेवा.' सारंगकाका त्यांच्या आईचं चित्र न्यायला आले, भिंतीवरून काढलं, हातात धरलं आणि परत अडकवून गेले. आईचं मी घरी आणलंय. कौल गळत नाही.

काकू गेल्या शनिवारी मुलीकडे कायमच्या गेल्या. मी एकतीस नंबर चादरीत नीट गुंडाळून धक्क्यावर नेला. हनुवटीवरचं तू उघडं केलेलं नखाएवढं लाकूड तसंच ठेवलं होतं, भरलं नव्हतं.

काकूंनी चादरीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "नको गं. ने परत."

"काकू, दुसरं काही नाही ना तुमच्याकडे."

"म्हणूनच. मी रोज डोळे मिटून बसते, तो कसा दिसायचा ते आठवत. दर वेळी तू काढलेलाच येतो. त्याच्या आधीचा येतच नाही." रागाने नाही म्हणाल्या. माझं बोट धरून म्हणाल्या, लहान मुलीचं धरावं तसं. "तिकडे हे समोर नसलं, तर येईल एखादे वेळी."

सारंगकाकांनी त्यांची पिशवी लाँचमध्ये चढवली. माझ्याशी बोलले नाहीत, पण चित्राची फळी चढावरून परत वर आणताना एका बाजूने धरली.

काल मंगळवार. लाँचने एकच पत्र आलं, काकूंच्या मुलीचं. आई पोचली, तब्येत बरी आहे, खोलीला ऊन चांगलं आहे, असं. खाली काकूंनी स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्यात, अक्षर कापरं आहे.

'अजून आला नाही. तुझाच येतो.'

अक्का